गाडी स्टार्ट होत नाही? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सात ते दहाच्या मधे दुकानाचा फोन वाजला की पलीकडून बहुतेक एकच वाक्य येतं: "भाऊ, गाडी चालूच नाही होऊन राहिली." या एका वाक्यात सात-आठ वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. त्यातले निम्मे जागेवर सुटतात आणि उरलेल्यांपैकी काहींत चावी आणखी एकदा फिरवणंच महागात पडतं. फोनवर जे विचारलं जातं आणि आम्ही जे सांगतो, ते इथे लिहून ठेवलंय. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे माझा हात आधी बॅटरीकडे जातो, हे आधीच कबूल करतो.

गाडी चालू होत नाही म्हटल्यावर तुम्ही "आवाज कसा येतो" असं का विचारता?

कारण निम्मं निदान कानानेच होतं. चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर सर्वांत आधी स्टार्टर मोटर फिरते. आपल्याकडे तिला सगळे 'सेल्फ'च म्हणतात. सेल्फ इंजिनाला ढकलतो, मग पेट्रोल, हवा आणि ठिणगी जुळली की इंजिन स्वतःच्या जोरावर चालतं. त्यामुळे पहिला सवाल एवढाच: सेल्फ फिरतो की नाही? फिरत नसेल तर गोष्ट बॅटरी, टर्मिनल, सेल्फ किंवा चावीच्या सर्किटची. जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे पेट्रोल, ठिणगी किंवा एखादा सेन्सर बघावा लागतो. हे दोन रस्ते पहिल्याच मिनिटाला वेगळे केले नाहीत, तर गिऱ्हाईक नवी बॅटरी घेऊन येतं आणि बिघाड निघतो टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या रिलेत (रिले म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच).

चावी फिरवली तर नुसतं टकटकटकटक होऊन राहिलं. बॅटरी गेली का?

बॅटरी उतरली आहे. 'गेली' की नाही ते नंतर कळेल. भराभर टकटक म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, ओढून धरायचा प्रयत्न करतो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढतो. डॅशबोर्डवरचे दिवेही त्या तालात मिणमिणतात.

फोन करण्याआधी बॉनेट उघडा आणि बॅटरीचं टर्मिनल हाताने पिळून बघा. हललं तर तुमचा बिघाड सापडला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल तर करंट तिथेच अडतो. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओता, जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगी अशी उडते की पुढच्या वेळी हा क्रम कोणाला सांगावा लागत नाही.

एकदाच 'टक्' होतं आणि मग शांत. दिवे मात्र चांगले प्रखर आहेत.

इथे बॅटरीपेक्षा सेल्फवर संशय जास्त. आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजले असतील, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळले असतील किंवा जाड केबल कुठेतरी सैल असेल. खात्री करायची तर चावी फिरवताना हेडलाइटकडे बघा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जाम आहे. जराही हलला नाही तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

सेल्फच्या अंगावर व्हील पान्याने दोन-चार हलक्या टिचक्या मारायच्या आणि त्याच वेळी दुसऱ्याने चावी फिरवायची, ही युक्ती खरी आहे. झिजलेला कार्बन क्षणभर जागेवर बसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि हात पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर हवा. पण यावर गाडी चालू झाली म्हणून आठवडाभर फिरू नका. टिचकी काही मोजक्याच वेळा साथ देते, आणि तिचा शेवट नेमका तुम्ही पोरांना शाळेत सोडायला निघालेले असताना होतो. सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलणं हे काम अजूनही नागपुरात बऱ्याच ठिकाणी नीट होतं. प्रत्येक वेळी नवा सेल्फ घ्यायची गरज नसते.

काहीच आवाज नाही, पण दिवे-म्युझिक सगळं चालू आहे. मग?

आधी हसू नका, पण ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन' वर आहे का? मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का? नव्या गाड्यांमध्ये क्लचच्या पेडलवर स्विच असतो; पायाखालची मॅट सरकून पेडलखाली अडकली तरी सेल्फला परवानगी मिळत नाही. हे तीस सेकंदांचं काम आहे आणि यावर मी दोनदा मानेवाड्यापर्यंत जाऊन आलोय.

हे सगळं ठीक असेल तर सेल्फचा रिले बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. हॉर्नचा रिले आणि सेल्फचा रिले पुष्कळ गाड्यांत एकाच जातीचा असतो. दोन्ही सारखे दिसत असतील आणि अंगावरचे आकडेही जुळत असतील तर अदलाबदल करून बघता येतं. हॉर्न बंद पडला आणि सेल्फ फिरला, म्हणजे रिले गेला.

मल्टिमीटर घेतलाय. किती व्होल्ट बरे?

फार चांगलं केलंत. साधा डिजिटल मीटर दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळतो आणि अंदाजाने बदललेल्या एका बॅटरीपुढे ते काहीच नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काही चालू न करता मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे तळाशी आलेली. १०.५ च्या जवळ अडकून बसली असेल, चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहापैकी एक सेल मेला समजा. एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट असतात. मग ती बॅटरी वाचवायच्या फंदात पडू नका.

पण नुसत्या उभ्या गाडीचा आकडा फसवा असतो. १२.५ दाखवणारी बॅटरीही सेल्फच्या ओझ्याखाली माती खाते. म्हणून कोणाला तरी चावी फिरवायला लावून तेव्हाचं व्होल्टेज बघा. ते ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी अशक्त आहे. गाडी चालू झाल्यावर परत मोजा: १३.८ ते १४.५ च्या मधे यायला हवं. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर, म्हणजे आपल्या भाषेत डायनामो, भरतच नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळवतोय. अशा बॅटरीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. एक अपवाद ध्यानात ठेवा: काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे थोडा वेळ १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावून परत बघा.

नागपुरात बॅटऱ्या लवकर का मरतात? पुण्याच्या भावाची चार वर्षं चालली.

पुण्याला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस, नसतो, हे एक उत्तर. दुसरं जरा सविस्तर.

बॅटरीच्या आत जे रसायन चालतं त्याचा वेग उष्णतेने वाढतो. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच वेगाने आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात आणि पाणी उडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जाणं नेहमीचं. २०१३ च्या मे मध्ये तो ४७.९ ला पोचला होता. त्यात गाडी उघड्यावर, बॉनेटखाली इंजिनाची धग. आपण घरी कूलरच्या टाकीत रोज दोन बादल्या पाणी ओततो, माठ भरतो, कुंड्यांना पाणी घालतो. बॅटरीचं झाकण मात्र वर्षभर कोणी उघडत नाही. ज्या बॅटरीला पाणी घालायची बुचं आहेत तिच्यात एप्रिलच्या सुरुवातीला आणि जूनमध्ये पातळी बघाच. डिस्टिल्ड वॉटरच घाला. फिल्टरचं किंवा आरओचं पाणी नको, आणि वरून अॅसिड तर कोणाच्या सांगण्यावरूनही नको. उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं.

पण गंमत अशी की मे महिन्यात अर्धमेली झालेली बॅटरी मे महिन्यात तक्रार करत नाही. गरमीत इंजिनाचं ऑइल पातळ असतं, सेल्फला कष्ट कमी. तक्रार होते डिसेंबर-जानेवारीत. नागपूरची थंडी लोक हसण्यावारी नेतात, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदले गेले. अशा सकाळी ऑइल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, आणि मग आमचा फोन सातलाच वाजतो. म्हणून माझं ठाम मत: बॅटरीची तपासणी दिवाळीच्या आधी करून घ्या, संक्रांतीला नाही. अडीच-तीन वर्षं झालेली बॅटरी नागपुरात म्हातारी समजावी.

आणि गाडी रोज धरमपेठेतून बर्डीला आणि परत एवढीच जात असेल, तर सेल्फने घेतलेला करंट परत भरायलाही वेळ मिळत नाही. आठवड्यातून एकदा रिंग रोडला तासभर फिरवा, एसी बंद ठेवून.

नवीन बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत परत डाऊन. दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. बॅटरी हे पाण्याचं टाकं आहे. टाकं रिकामं झालं याची तीन कारणं असतात. टाकंच फुटलंय, नळाला पाणी येत नाही, किंवा कुठेतरी गळती आहे. आपण दर वेळी टाकंच बदलतो.

नळ म्हणजे डायनामो. तो वर सांगितल्याप्रमाणे मीटरने तपासा. जुने काही मिस्त्री चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढतात, गाडी बंद पडली नाही तर "डायनामो ओके" म्हणतात. पूर्वीच्या गाड्यांत ते खपून जायचं. आजच्या गाडीत त्या एका सेकंदात व्होल्टेज उसळतं आणि इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उडू शकतो. तुमच्या समोर कोणी असं करायला लागलं तर हात धरा.

गळती म्हणजे गाडी बंद असतानाही चोरून चालणारा खर्च. डॅशकॅम, नंतर बसवलेलं म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा. हिशेब करून बघा: छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची. नव्या गाडीत घड्याळ, अलार्म वगैरेंना ५० मिलिअँपिअरपर्यंत खर्च चालतो. तेवढ्यानेसुद्धा दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातो आणि पंधरा दिवसांत बॅटरी निम्म्यावर येते. ट्रॅकरने तोच खर्च दोनशेवर नेला तर चौथ्याच दिवशी बॅटरी निम्म्यावर. मोजण्यासाठी मायनस टर्मिनल काढून मधे मीटर अँपिअरवर लावायचा, दारं बंद करायची, गाडी 'झोपेपर्यंत' वीस-तीस मिनिटं थांबायचं आणि मग एकेक फ्यूज काढत जायचं. आकडा ज्या फ्यूजला पडतो, चोर त्या वायरवर. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

या तिन्हींबाहेरचं एक कारण माझ्याच घरचं. मोठ्या भावाच्या गाडीत मी हौसेने नवी बॅटरी बसवली, मीच डायनामो तपासला, सगळं ठीक. दोन आठवड्यांनी गाडी परत सुस्त. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी एका बाजूला गंजून एका तारेवर लटकत होती. बॅटरीच्या मायनसवर आणि इंजिनाच्या धातूवर मीटरच्या दोन टोकांना धरून सेल्फ मारला असता, तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला असता आणि एका मिनिटात कळलं असतं. त्या दिवसापासून दुकानात बॅटरी विकण्याआधी अर्थ बघायचा नियम आहे. भाऊ अजूनही टोमणे मारतात.

जम्पर केबल लावायचा बरोबर क्रम कोणता?

लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या गाडीच्या प्लसला. काळीचं एक टोक चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या एखाद्या रंग न दिलेल्या, जाड धातूच्या भागाला, बॅटरीपासून लांब. उतरलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन वायू साठलेला असू शकतो आणि शेवटच्या टोकाला ठिणगी उडतेच. ती बॅटरीजवळ उडायला नको. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग दुसरी चालू करा. काढताना उलट क्रम.

दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकलेले नसावेत. बाजारातल्या अगदी स्वस्त केबल आत बारीक तारेच्या असतात; बाहेरून जाड दिसतात, हातात घेतल्या की हलक्या लागतात. त्या गरम होतात आणि गाडी चालू होत नाही. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल तर जम्प लावूच नका.

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. घरी पोचल्यावर चार्जरला लावा. पूर्ण उतरलेली बॅटरी नुसत्या शहरातल्या फेरीने भरत नाही.

धक्का मारून चालू केली तर चालतं का?

मॅन्युअल गिअरच्या गाडीला चालतं, ऑटोमॅटिकला नाही. चावी ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबलेला, गाडीला वेग आला की क्लच सोडा. सेमिनरी हिल्सच्या उतारावर राहणाऱ्यांना मदतीला पोट्टेही लागत नाहीत. पण बॅटरी इतकी उतरली असेल की डॅशबोर्डवर काहीच पेटत नाही, तर धक्क्याचा उपयोग नाही: इंजेक्टर, पेट्रोल पंप, कॉम्प्युटर, सगळ्यांना वीज लागते. आणि पेट्रोल गाडीला पुन्हा पुन्हा धक्के मारत बसू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरला खातं.

सेल्फ मस्त फिरतो, गाडी मात्र पकडत नाही. काय बघू?

पेट्रोल आहे का? काटा अर्ध्यावर अडकून राहण्याइतके जुने फ्लोट अजून पुष्कळ गाड्यांत आहेत. मागच्या सीटजवळ कान लावा आणि चावी ऑन करा. दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी, तो पेट्रोल पंप. गुणगुण नाही तर पंपाचा फ्यूज, मग रिले, मग पंप.

पंप गुणगुणतो आणि तरी नाही, तर डॅशबोर्डवर चावीचं किंवा गाडी-कुलुपाचं चिन्ह लुकलुकतं आहे का बघा. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, चावी ओळखत नसेल तर गाडी सेल्फ मारते, कधी सेकंदभर चालू होऊन मरतेही. दुसरी चावी वापरून बघा.

एक खास अंगणातला बिघाड आहे. गाडी धुवायला म्हणून बाहेर काढली, दहा सेकंद चालू, लगेच बंद. दुसऱ्या दिवशी पेट्रोल गाडी सेल्फ मारते, पकडत नाही, पेट्रोलचा वास येतो. प्लग ओले झाले. अॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरा आणि सलग सात-आठ सेकंद सेल्फ द्या. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या या स्थितीत पेट्रोल तोडतात आणि इंजिनाला कोरडं करतात. जमलं नाही तर अर्धा तास थांबून परत एकदाच. सेल्फला एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त राबवू नका.

आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट, अडथळ्याशिवाय फिरल्यासारखा वाटला तर थांबा. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. तिथे पुष्कळ इंजिनांत प्रत्येक फेरी व्हॉल्व्ह आणि पिस्टनला धडकवते.

थंड असताना लगेच चालू होते. वर्धा रोडवर पंपावर थांबलो, पाच मिनिटांत परत चालूच होईना. अर्ध्या तासाने झाली.

उन्हाळ्यातला हा माझा आवडता बिघाड, कारण गाडी गॅरेजला येईपर्यंत बरी झालेली असते आणि मिस्त्री मालकालाच खोटा ठरवतो. गाडी बंद केली की इंजिन लगेच थंड होत नाही. पाणी फिरणं थांबतं आणि बॉनेटखालची धग उलट वाढते. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, जुना असेल तर त्या धगीत सिग्नल द्यायचा थांबतो, थंड झाला की परत देतो. ओळखायचं असं: गरम असताना सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर सेन्सरवर संशय घट्ट. मिस्त्रीकडे गाडी गरम असतानाच घेऊन जा, किंवा तिथे उभी करून गरम करा.

सेल्फच मंद फिरत असेल तर धगीने सेल्फच्या आतला रेझिस्टन्स वाढलाय. कार्ब्युरेटरची जुनी गाडी अजून जपून ठेवली असेल, तर व्हेपर लॉक: पाइपातच पेट्रोलची वाफ होते. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचा आजोबांचा उपाय तिथे आजही चालतो.

सीएनजी गाडीला पेट्रोल भरायची काय गरज?

बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि थोड्या गरम झाल्या की गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी कायम कोरडी ठेवली की पंप कोरडा फिरून जळतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. टाकीत निदान पाव भाग ठेवा आणि आठवड्यातून पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा. पैसे वाचवायला घेतलेल्या गाडीचा पंप बदलताना माणसाचा चेहरा बघवत नाही.

डिझेल गाडी थंडीत सकाळी फार वेळ घेते.

चावी ऑन केल्यावर स्प्रिंगसारखं वेटोळ्याचं पिवळं चिन्ह दिसतं ना, ते विझेपर्यंत थांबा. ग्लो प्लग तापत असतात. एखादा-दोन प्लग गेले तर थंडीत गाडी थरथरत, पांढरा धूर सोडत चालू होते. डिझेल पूर्ण संपू दिलंत तर पाइपात 'एअर' जाते. ती काढल्याशिवाय नुसता सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीही जाईल. फिल्टरमधलं पाणीही वेळच्या वेळी काढून घ्या.

पाण्यात गाडी बुडाली होती. आता पाणी उतरलं, चालू करून बघू का?

नाही. या पानावर दुसरं काही वाचलं नाही तरी हे वाचा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. खालच्या वस्त्यांत पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात ज्या गाड्या आल्या त्यांतल्या बऱ्याच पाण्याने नाही, मालकाने चावी फिरवल्याने गेल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फने पिस्टन वर ढकलला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी उपसलं असतं तर ऑइल आणि फिल्टर बदलून सुटलं असतं. तिथे इंजिन खोलायची वेळ येते.

बुडालेल्या गाडीचं आधी बॅटरीचं मायनस काढा. पाणी कुठवर चढलं त्याची खूण दिसते तेव्हाच फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि गाडी ओढून न्या. साध्या विम्यात पाण्यात चालू केल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड वेगळी घ्यावी लागते. पॉलिसी पावसाळ्याआधी एकदा वाचा.

चालत्या गाडीने साचलेलं पाणी ओढलं आणि ती त्यात बंद पडली, तरी हेच. परत सेल्फ नाही.

उंदरांनी वायर कुरतडल्या. डांबरगोळ्या ठेवू का?

ठेवा, आठवडाभर वास येईल, मग उंदीर त्यांच्याशेजारी झोपेल. तंबाखूची पानं, फिनेल, सगळ्यांची हीच गत. इतवारी, कळमना भागात धान्याजवळ गाड्या उभ्या राहतात तिथे हा त्रास जास्त, पण फ्लॅटच्या पार्किंगमध्येही कमी नाही. गाडी एकाच जागी आठवडे उभी ठेवू नका, बॉनेटखाली पोळीचा तुकडा, पालापाचोळा, लेंड्या दिसतात का बघा, आणि वायरिंगला जाळीचं आवरण घाला. पेट्रोलचा पाइप कुरतडलेला असेल, वास येत असेल, तर सेल्फ मारूच नका.

स्मार्ट की आहे. "चावी सापडत नाही" असं दाखवतं.

चावीतला सेल संपला. बहुतेक गाड्यांत चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली आणि बटण दाबलं की गाडी चालू होते. दाराला तीच चावी उघडून आतली लोखंडी पट्टी लागते. सेल बहुधा सीआर २०३२. मागच्या बाजूला आकडा असतो, दहा मिनिटांचं काम.

दोन महिने पोरीकडे पुण्याला जातोय. गाडीचं काय करू?

मायनस काढून जा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, तेवढं चालतं. किंवा मायनस न काढता, कोणी विश्वासू असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला सांगा. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करू नका, त्याने बॅटरी भरत नाही, उलट उतरते. टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ती ओल पितं.

समृद्धीवर किंवा हायवेवर गाडी बंद पडली आणि परत चालू होत नाही, तर?

आधी माणसं, मग गाडी. डाव्या बाजूला घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण मागे निदान पन्नास पावलं ठेवा, आणि सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. शिवमडक्यापासून, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकापासून, निघताना पेट्रोलचा काटा आणि बॅटरीचं टर्मिनल बघून निघा. मधे गाड्या १२० ने जातात, रस्त्यावर बॉनेट उघडून मीटर लावायची ती जागा नाही.

डिकीत काय ठेवू?

चांगल्या जाड तारेची जम्पर केबल, १० नंबरचा पाना (बहुतेक टर्मिनलला तोच लागतो), मीटर, टॉर्च, सुटे फ्यूज आणि जुनं फडकं. पाना मात्र घरी काढून ठेवू नका. दर दोन फोनमागे एकात "केबल आहे, पण टर्मिनल उघडायला काहीच नाही" असं ऐकतो.